बिनटक्सचा कुर्ता

श्रीलता वंगारीने शाळेच्या कुर्त्यातून टक्स काढून टाकले, तेव्हा तिला कुणी नावं ठेवली नाहीत. उलट कौतुकच झालं.

सोलापूरच्या पूर्व भागात गणवेश शिवणारे कारखाने किती, हे नेमकं कुणालाच सांगता येणार नाही. पण मुलींचा कुर्ता म्हटला की फर्मा वंगारीबाईंचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. फर्मा म्हणजे पुठ्ठ्याचा साचा. तो कापडाच्या थरांवर ठेवायचा आणि कडेकडेनं कापत जायचं. श्रीलताचा नवा फर्मा उन्हाळ्यात बाहेर पडला की शेजारच्या गल्लीत लगेच त्याची नक्कल तयार होई. नक्कल करणारेच पुन्हा तिच्याकडे चहाला येत आणि "वैनी, यंदा बाही आखूड घेतलीय ना?" असं विचारून खात्री करून घेत. तीही सांगून टाकी. यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

टक्स म्हणजे छातीशी कापड चिमटून घातलेली शिवण. सपाट कापड अंगावर नीट बसावं म्हणून ती घालतात. प्रत्येक टक्सची खूण वेगळी करायची, टीप वेगळी मारायची, त्याला एक बाई वेगळी बसवायची. तीन वर्षांपूर्वी श्रीलताच्या लक्षात आलं, की मोठ्या दोन मापांची मागणी जवळजवळ संपलीय आणि उरलेल्या मापांत टक्स घातला काय नि न घातला काय, सारखंच. तिनं मोठी दोन मापं बंद केली आणि कुर्त्याचा पुढा सपाट केला. काम झपाझप होऊ लागलं. पुढच्या वर्षी अख्ख्या पूर्व भागानं तेच केलं. इथला माल जिथं जिथं जातो, तिथल्या शाळांतल्या मुलींच्या अंगावर तो सपाट पुढा चढला.

मागणी का संपली, हे तिला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. या गोष्टीत कुणी काही लपवलेलं नाही, आणि मला तर त्याचीच जास्त भीती वाटते.

सुरुवात चांगली झाली होती. ती झाली तहसीनपासून.

तहसीन म्हणजे श्रीलताकडे ओव्हरलॉक मशीनवर बसणाऱ्या मुमताजभाभींची मुलगी. तेराव्या वर्षी तिच्या स्तनांची वाढ सुरू झाली आणि ती थांबेचना. हा आजार आहे, फार जुना आहे, आणि त्यावर हसणारे त्याहूनही जुने आहेत. तहसीनच्या खांद्यांवर पट्ट्यांच्या खाचा पडल्या. मानेतून कळा येत, हाताची बोटं बधिर होत. आधी तिनं पळणं सोडलं, मग सायकल, मग शाळाच. गल्लीतल्या बायका "लग्न झालं की सगळं नीट होतं" म्हणत. ते कसं होणार, हे त्यातल्या एकीनंही सांगितलं नाही.

तेव्हा शस्त्रक्रिया होती, पण सुरीची. मोठी जखम, जन्माचे व्रण. शिवाय डॉक्टर म्हणत, वाढ पुरी होऊ द्या, नाहीतर कमी केलेलं पुन्हा वाढेल. म्हणून तहसीन थांबली. थांबण्यातच तिची शाळेची वर्षं गेली.

मग एकामागोमाग दोन शोध लागले. पहिला ध्वनिसुईचा. केसाहून थोडी जाड सुई आत जाते, तिच्या टोकातून आवाजाच्या लहरी निघतात. आपल्या कानांना ऐकू न येणाऱ्या त्या लहरी नको असलेल्या पेशी विरघळवतात आणि रक्तवाहिन्यांना धक्काही लावत नाहीत. विरघळलेलं त्याच सुईतून ओढून घेतात. सकाळी गेलेली मुलगी संध्याकाळी घरी. दुसरा शोध थांबकाचा. तांदळाच्या दाण्याएवढी एक कुपी कातडीखाली बसवायची. शरीराची वाढ रक्तातून येणाऱ्या संप्रेरकांच्या निरोपावर चालते. थांबक तो निरोप तेवढ्या एकाच जागी पोचू देत नाही. उंची वाढते, हाडं वाढतात, तिथली वाढ मात्र थांबते. मग वयाची वाट बघण्याचं कारण उरलं नाही.

तहसीनवर उपचार झाले, तेव्हा ती सतरा वर्षांची होती. परत आल्यावर ती कारखान्यात येऊन ताठ उभी राहिली. तिची उंची एवढी आहे हे मुमताजभाभींनाही त्या दिवशीच कळलं. भाभी ओव्हरलॉक बंद करून रडल्या, श्रीलताही रडली. ते रडणं खरं होतं, आणि पुढे जे झालं त्यानं ते खोटं ठरत नाही.

पुढे शाळांमध्ये कपाट आलं.

त्याचं सरकारी नाव देहलेख यंत्र. दिसायला लोखंडी कपाटासारखं, म्हणून मुली कपाट म्हणत. गणवेशाचं माप आणि तब्येतीची तपासणी एकदमच व्हावी, ही कल्पना. मुलगी आत जाऊन उभी राहिली की प्रकाशाचे पट्टे अंगावरून फिरतात आणि क्षणात सगळी मापं मिळतात. श्रीलताला ती थेट तिच्या संगणकावर मिळत. त्याखेरीज कपाट आणखी एक हिशेब करी. आजचं शरीर, आईची ठेवण, स्नायूंची ताकद, लाखो मुलींच्या वाढीच्या नोंदी, हे सगळं एकत्र करून पुढच्या तीन वर्षांत या मुलीच्या पाठीवर किती ताण येईल, ते एका आकड्यात सांगे. त्याला पाठभार म्हणत. सीमेच्या खाली असेल तर हिरवा दिवा. वर गेला तर लाल, आणि पालकांच्या फोनवर उपचाराची शिफारस. खर्च सरकारी आरोग्य योजनेत बसत होता, त्यामुळे तीही अडचण नव्हती.

आता ही सीमा ठरवली कुणी? कुणीच नाही, आणि सगळी गोम इथं आहे. ती यंत्र स्वतः शिकून ठरवी. त्या वयाच्या मुलींच्या सरासरीपासून ही मुलगी किती दूर आहे ते एक, आणि उपचार झालेल्या मुली वर्षभरानं काय सांगतात ते दुसरं. मुली समाधानी असल्या की सीमा थोडी खाली येई, म्हणजे अजून थोड्या मुलींचं भलं व्हावं. विचार चांगलाच होता. फक्त सरासरी काढताना उपचार झालेल्या मुलीही त्यात धरल्या जात. भाकऱ्यांच्या चवडीतली वरची भाकरी उचलली की तिच्या खालची वरची होते, तसं दर काही महिन्यांनी होऊ लागलं. काल जी मधली होती ती आज टोकाची झाली. टोकाची झाली म्हणून लोक तिच्याकडे बघू लागले, बघू लागले म्हणून ती वाकू लागली, आणि वाकली की पाठ खरोखरच दुखते.

हारिका ही श्रीलताची थोरली मुलगी, नववीत. घरात तेलुगू, बाहेर मराठी आणि भांडताना दोन्ही, असं हे घर. नवरा राजेशम वर्षातले बहुतेक महिने ऑर्डरी गोळा करत तेलंगण-कर्नाटकात फिरायचा. धाकटी तेजू दहा वर्षांची, दिवसभर कारखान्यात चिंध्यांच्या ढिगावर. हारिका खो-खो खेळायची. नागमोडी पळणारी हारिका शिवायला मिळणं मुश्कील, असं तिच्या खेळाच्या बाई म्हणत. अंगानं ती तिच्या आईसारखी आणि आजीसारखी होती. दहा वर्षांपूर्वी तिच्याकडे कुणी मान वळवून बघितलं नसतं.

फेब्रुवारीत कपाटाचा लाल दिवा लागला.

"काही नाही अम्मा, यंत्र आहे. चुकलं असेल," हारिका त्या संध्याकाळी म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी तिला संघातून बाहेर बसवलं. श्रीलता शाळेत गेली. मुख्याध्यापिका समजुतीनं बोलल्या.

"आमचा काही आक्षेप नाही हो. पण लाल असलेल्या मुलीला मैदानात उतरवलं आणि पाठीला काही झालं, तर उत्तर कुणी द्यायचं? एकदा उपचार करून घ्या, दुसऱ्या दिवशी संघात घेते. आठवीतल्या कितीतरी जणींचं झालं."

"पण ती परवापर्यंत खेळायलीच होती की."

"परवा सीमा वेगळी होती," बाई म्हणाल्या.

हारिका बाहेर बसली आणि वाकायला लागली. आधी फक्त वर्गात, मग जेवताना, मग टीव्हीसमोरसुद्धा. आईच्याच कारखान्यातला बिनटक्सचा कुर्ता तिला पुढून ओढला जाई, म्हणून ती वर्गात दप्तर मांडीवर उभं धरून बसे. मार्चमध्ये तिची मान दुखू लागली. श्रीलता रोज तेल लावून द्यायची. हाताखाली स्नायू दोरीसारखे लागत. ते नाटक नव्हतं, हे आईच्या बोटांना कळत होतं.

ती तिला डॉक्टर अवंती खमितकरांकडे घेऊन गेली. तहसीनवर यांनीच उपचार केले होते. आता दवाखान्याचे दोन मजले वाढले होते.

"हिला आजार आहे का?" श्रीलतानं विचारलं.

"पाठभार सीमेच्या वर आहे."

"ते फोनवर आलंय. आजार आहे का ते विचारायलेय."

डॉक्टरांनी हारिकाला बाहेर बसायला सांगितलं. बाई खोट्या नव्हत्या.

"तहसीनला आजार होता. हिला त्रास आहे. दोन्हींत फरक आहे, मला मान्य आहे. पण मान धरलीय, झोप नीट नाही, खेळ सुटलाय. मी हिला काय सांगू? तू ठीक आहेस, जा घरी?"

"ती सीमा खाली आणली नसती तर ही ठीकच होती."

"बरोबर आहे."

"मग ती वर न्या की."

"ती कुणी हातानं हलवत नाही, श्रीलताताई. मी दोनदा लिहून कळवलंय. वरून विचारतात, उपचार झालेल्या मुली नाराज आहेत का? त्या नाराज नाहीत. एकही नाही म्हटलं तरी चालेल. मग मी कशाच्या जोरावर बोलू?"

श्रीलतानं शेवटचा प्रश्न विचारला. तो विचारायचाच असं तिनं रिक्षात ठरवलं होतं.

"पुढं बाळाला पाजता येईल हिला?"

"थांबक बसवलेल्या मुली अजून आया झालेल्या नाहीत," डॉक्टर म्हणाल्या. "दहा वर्षांत कळेल."

श्रीलता उठली. मुलीला घेऊन घरी आली आणि संमती दिली नाही. राजेशमला फोन केला, तर तो म्हणाला, "तूच बघ. बायकांचं असतं ते." याचा तिला जेवढा राग आला तेवढा त्या यंत्राचाही आला नव्हता.

आणि मग तिनं ती चूक केली. गणवेश शिवणाऱ्या बाईशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातून ती झाली नसती.

गणवेशाचा सगळा धंदा एका विश्वासावर उभा आहे. सगळ्यांना एकसारखं घातलं की सगळे एकसारखे दिसतात. श्रीलताचं आयुष्य यात गेलं होतं, तेव्हा तिला दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. हारिकासाठी एकच टक्सचा कुर्ता शिवला तर तो शंभरात उठून दिसणार. पण सगळ्यांच्याच कुर्त्याला टक्स असले तर? तिनं भिंतीवरून जुना फर्मा खाली काढला, धूळ झटकली आणि हारिकाच्या शाळेची अख्खी ऑर्डर त्यावर कापायला घेतली.

"वैनी, मापं तर बिनटक्सची आलीयत," मुमताजभाभी म्हणाल्या.

"मला माहीत आहे मापं काय आलीयत. तुम्ही मारा टीप."

दोन्ही बंद केलेली मापंही तिनं पुन्हा सुरू केली. हारिकाला यातलं काही सांगितलं नाही. सुट्टीभर श्रीलता रोज कारखान्यात बसून टक्सची एकेक जोडी तपासत होती, आणि कितीतरी दिवसांनी तिला काम करताना बरं वाटत होतं. मुलीसाठी आपण काहीतरी करतोय, हे बरं वाटणं होतं ते.

जूनमध्ये शाळा उघडली. दहावीच्या वर्गात पहिल्या तासाला आधी कुजबुज झाली, मग हसू. मुलींचे कुर्ते पुढून पोकळ उभे राहिले होते. बसलं की कापड फुगायचं, उभं राहिलं की चुरगळून दोन खड्डे पडायचे. एकीनं आपल्या कुर्त्यात कंपासपेटी ठेवून दाखवली. मग हसून झाल्यावर सगळ्या आजूबाजूला बघू लागल्या, आणि ज्या एकीला कुर्ता अगदी मापात बसला होता ती त्यांना सापडायला वेळ लागला नाही. गणवेश कुणाच्या कारखान्यातून येतो हे कॉलरीमागच्या पट्टीवरच छापलेलं होतं.

कुणी तिला चिडवलं नाही. एक मुलगी फक्त म्हणाली, "तुझ्या एकटीसाठी आम्हाला सगळ्यांना हे घालायला लावलं?"

हारिका दुपारी घरी आली, कपडे बदलले, कुर्त्याची नीट घडी घातली आणि ती आईच्या पुढ्यात कटिंगच्या टेबलावर ठेवली.

"अम्मा, तू मला लपवायला गेलीस की दाखवायला?"

चौथ्या दिवशी सगळे गठ्ठे टेम्पोतून परत आले. त्याच संध्याकाळी हारिका म्हणाली, "मला करून घ्यायचंय. तू मला नको विचारू का म्हणून. मला ताठ बसायचंय एवढंच." तिच्या आवाजात हट्ट नव्हता. दमलेलं माणूस पाणी मागतं तसं ती बोलत होती. श्रीलतानं फोन उघडला आणि संमतीच्या चौकोनावर अंगठा ठेवला.

दवाखान्याचा वरचा मजला दहावीच्या परीक्षा केंद्रासारखा दिसत होता. बाकांवर आया, मांडीवर डबे, पाण्याच्या बाटल्या. आपल्या मुलीचा नंबर कितवा, हिचा झाला का, तिचा झाला का. मुलीही लहान लहान होत्या. एकजण तर तेजूपेक्षा जेमतेम मोठी असेल. ती पाय हलवत खिडकीत बसली होती.

तहसीन आता इथं सिस्टर होती. तिनं हारिकाला आत नेलं, हिरवा झगा घालायला दिला आणि बाहेर येऊन श्रीलताजवळ बसली.

"काकू, चहा सांगू?"

"नको. किती वेळ लागेल?"

"आत गेल्यावर तासभर. अजून वेळ आहे." ती थोडी घुटमळली. "काकू, एक बोलू? मला दरवर्षी विचारतात अजून. समाधानी आहात का म्हणून. फोनवर येतं. मी हो दाबते. खोटं कसं दाबू? मला तर जीव परत मिळाला."

"मग?"

"मग काही नाही. आज आत सोळा जणी आहेत. मी सगळ्यांच्या पाठी बघितल्या, पट्ट्यांच्या खुणा बघितल्या. माझ्यासारखी एकही नाही. आधी महिन्याला एक-दोन तरी असायच्या." तिनं आवाज खाली आणला. "मी जे हो दाबलं ना काकू, ते माझ्यासाठी दाबलं होतं. ते यांच्यापर्यंत येईल असं कुठं वाटलं होतं."

श्रीलता तिच्याकडे बघत राहिली. एवढी ताठ, एवढी चांगली मुलगी. हिला दोष देणं म्हणजे पापच.

"अजून सुई लागली नाही," तहसीन म्हणाली. "थांबवायचं असेल तर आत्ता सांगा. मी सांगते डॉक्टरांना. कुणी काही बोलणार नाही."

श्रीलता उठून काचेपाशी गेली. आत हारिका खाटेवर बसून शेजारच्या खाटेवरच्या मुलीशी बोलत होती. काहीतरी विनोद झाला असावा, कारण दोघी हसत होत्या. आणि हारिका सरळ बसली होती. अजून काहीच झालेलं नव्हतं, काल होती तीच हारिका होती, पण खांदे मागे, मान उंच. चार महिन्यांत तिला असं बसलेलं आईनं पाहिलं नव्हतं.

हिला वाकवलं कशानं ते श्रीलताला त्या काचेपाशी लख्ख दिसलं. हेही दिसलं, की ते मोडायचं तर हारिकाला पुन्हा त्या वर्गात, त्या बाकावर, एकटीला बसवावं लागेल. वर्षभर, कदाचित कायम. दुसऱ्या कुणाची मुलगी असती तर तिनं बसवलीही असती. स्वतःच्या मुलीला तिथं बसवायचं बळ तिच्यात नव्हतं.

ती परत येऊन बसली.

"चहा सांग," ती म्हणाली.

हारिका बरी झाली. बरी झाली असंच म्हणावं लागेल, दुसरा शब्द नाही. मान दुखायची थांबली. संघात परत घेतलं, जिल्ह्याच्या सामन्यात ती उभी राहिली तेव्हा तिला बाद करायला समोरच्यांना घाम फुटला. राजेशम पेढे घेऊन आला. बिनटक्सचा कुर्ता तिला असा बसला, की फर्मा तिच्यावरूनच काढलाय असं वाटावं. रात्री ती पालथी झोपायची आणि श्रीलता दारातून बघून जायची. तिला मुलीचा आनंद दिसत होता आणि तो तिला गोडही लागत होता. तरी कुठंतरी एक खडा टोचायचा. तो तिनं कुणाला दाखवला नाही.

वर्ष गेलं. पुन्हा जून आला. दुपारचं ऊन एवढं, की कारखान्यात पंखे फिरत होते पण वारा येत नव्हता. टक्सवाले कुर्ते वर्षभर कोपऱ्यात गठ्ठ्यांत पडून होते. ते आता उसवून सपाट करायचे आणि चालू मापात विकायचे, असं श्रीलतानं ठरवलं. घरच्याच तिघी बसल्या होत्या. श्रीलता टीप उसवत होती, हारिका दोरे ओढून काढत होती. तेजू समोर बसून कडक भाकरीचे तुकडे मोडून शेंगाचटणीबरोबर खात होती. मोडताना कटकट आवाज करायचा, हा तिचा खेळ.

हारिकाचा फोन वाजला.

"वर्ष झालं म्हणून आलंय," ती वाचत म्हणाली. "समाधानी आहात का. आज शेवटचा दिवस म्हणे, सगळ्यांची उत्तरं आज बंद होणार." तिनं मान वर केली. "काय दाबू अम्मा?"

श्रीलताचा हात थांबला. नाही दाब, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण समोर मुलगी बसली होती, ताठ, उन्हानं लाल झालेली, कालच्या सरावात गुडघा खरचटलेली. तिला काय सांगायचं? तू सुखी नाहीस म्हणून?

"तुला काय वाटतं?"

"आहे की मी समाधानी. मग होच ना?"

"मग हो," श्रीलता म्हणाली.

हारिकानं दाबलं, फोन बाजूला ठेवला आणि पुढचा कुर्ता ओढून घेतला. दोघी बराच वेळ काम करत राहिल्या. ऊन खिडकीतून टेबलावर आलं. उसवलेल्या जागी कापडावर टाचणीच्या टोकाएवढी बारीक भोकं राहत होती. इस्त्री फिरवली की दिसणार नाहीत, हे श्रीलताला माहीत होतं.

मग तिचा स्वतःचा फोन वाजला. शाळेकडून होता. पालकांना कळवण्यात येतं, की प्राप्त उत्तरांनुसार पाठभाराची सीमा सुधारण्यात आली आहे. नवी सीमा पाचवीपासून लागू. आपली मुलगी तेजस्विनी वंगारी हिची नोंद हिरव्यातून लालमध्ये बदलण्यात येत आहे. या वयात सुईची गरज नाही, फक्त थांबक पुरेसा. संमती द्यावी.

श्रीलतानं ते वाचलं आणि मान वर केली.

तेजू आज कपाटात गेलीच नव्हती. ती सकाळपासून इथंच होती. मांडी घालून, पाठ ताठ ठेवून, ती भाकरीचा मोठा तुकडा दोन्ही हातांनी धरून मोडत होती, आणि काल होती तेवढीच होती.

"कुणाचा फोन, अम्मा?" तिनं विचारलं.

"तुझ्या शाळेचा."

"काय म्हणाले?"

श्रीलतानं फोन उलटा करून टेबलावर ठेवला. हारिका दोरे काढायची थांबली होती. तिनं एकदा आईकडे पाहिलं, एकदा बहिणीकडे, आणि मग बाजूला पडलेल्या आपल्या फोनकडे.

"खा तू आधी," श्रीलता म्हणाली. तेजूनं खांदे किंचित पुढे घेतले, आईचा चेहरा बघून घ्यावेत तसे, आणि पुढची भाकरी तिनं आवाज न करता मोडली.